वैद्यकीय कामांत मोबाइलचा उपयोग

बाजारभाव, पावसाचा अंदाज व बँकेंतील शिल्लक पाहण्यासाठीं मोबाइल आतां बहुतेक शेतकरी कुटुंबांत हाताशीं असतो. तोच मोबाइल गांवच्या आशा सेविकेच्या, अंगणवाडी सेविकेच्या व दवाखान्यांतील डॉक्टरच्या हातींही आला असून, रोग्याची नोंद घेणें, औषधाची आठवण देणें व दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला मिळविणें हीं कामें त्यावर होऊं लागलीं आहेत. या साधनाविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतात, आतां दवाखान्याची पायरी चढण्याचें कारण उरलें नाहीं. कोणी म्हणतात, नाडी न पाहतां दिलेलें औषध तें कसलें औषध! नवें अवजार घेतांना तें कोणत्या जमिनींत चालतें व कोणत्या जमिनींत मोडतें हें शेतकरी आधीं विचारतो. तोच प्रश्न येथेंही विचारला पाहिजे.

मोबाइलचीं वैद्यकीय कामें मुख्यतः तीन प्रकारचीं आहेत : निरोप पोंचविणें, नोंद व आठवण ठेवणें, आणि मोजमाप करणें. पहिलीं दोन कामें तो चांगलीं करितो. तिसऱ्यांत मात्र फसगतीला पुष्कळ जागा आहे.

दूरचा सल्ला.— आपल्या देशांत डॉक्टरनें दूरध्वनीवरून उपचार करण्याचे नियम २५ मार्च २०२० रोजीं प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणें असा सल्ला केवळ नोंदणीकृत डॉक्टरनेंच द्यावयाचा असून, औषधाच्या चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. गुंगीचीं व व्यसन लावणारीं कांहीं औषधें अशा रीतीनें लिहून देतां येत नाहींत. रोग्यास प्रत्यक्ष तपासणें जरूर आहे असें वाटल्यास डॉक्टरनें तसें सांगून त्यास बोलावून घ्यावें, आणि प्रसंग तांतडीचा असल्यास प्रथमोपचार सांगून लगेच दवाखान्यांत पाठवावें, असाही दंडक आहे.

सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा याच कामासाठीं आहे. तिचा एक प्रकार नोव्हेंबर २०१९ मध्यें सुरू झाला. त्यांत रोगी गांवच्या आरोग्य उपकेंद्रांत जातो, तेथील समुदाय आरोग्य अधिकारी त्याचा रक्तदाब, ताप वगैरे पाहतो, आणि मग दोघेही पडद्यावर दूरच्या डॉक्टरशीं बोलतात. दुसऱ्या प्रकारांत, जो एप्रिल २०२० मध्यें सुरू झाला, रोगी घरूनच डॉक्टरशीं बोलतो. आमच्या मतें शेतकऱ्यांस पहिला प्रकार अधिक हितकर आहे. कारण त्यांत तपासणारा हात रोग्याजवळ असतो आणि जाणणारें डोकें तेवढें दूर असतें. जुन्या रक्तदाबाचें औषध चालू ठेवावें कीं बदलावें, अंगावरचा चट्टा तज्ज्ञास दाखवावा कीं काय, तपासणीच्या अहवालाचा अर्थ काय, अशा प्रश्नांसाठीं दिवसाची मजुरी व एस.टी.चें भाडें घालवून शहर गांठण्याची गरज अशा वेळीं राहत नाहीं. परंतु पोटांतील तीव्र कळ, छातींत दुखणें, धाप लागणें, अर्धें अंग लुळें पडणें किंवा गरोदर स्त्रीस रक्तस्राव होणें, यांपैकीं कांहीं घडल्यास पडद्यासमोर बसून राहणें म्हणजे वेळ दवडणें होय.

सल्ला घेतांना चालू असलेल्या सर्व औषधांचीं पाकिटें समोर ठेवावींत. दुखणें केव्हां सुरू झालें तें दिवस मोजून सांगावें. कोणतें औषध पूर्वीं सोसलें नव्हतें तेंही सांगावें. चट्ट्याचें छायाचित्र काढावयाचें असल्यास तें उन्हाच्या उजेडांत पण सावलीस बसून काढावें, कारण विजेच्या पिवळ्या दिव्याखालीं त्वचेचा खरा रंग दिसत नाहीं.

नोंद व आठवण.— क्षयरोग्यास कित्येक महिने नेमानें औषध घ्यावें लागतें, आणि बरें वाटूं लागतांच तें सोडून देण्याकडे मनुष्याचा कल असतो. यावर भारतांत ‘९९ डॉट्स’ नांवाची एक साधी युक्ति योजण्यांत आली. गोळ्यांच्या पट्टीस एक पाकीट चिकटविलेलें असतें. गोळी बाहेर काढली कीं तिच्यामागें दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो. रोग्यानें त्यावर फुकट फोन करावयाचा. आज कोणता क्रमांक दिसेल हें गोळी काढल्याशिवाय त्यास कळत नसल्यानें, फोन आला म्हणजे गोळी निघाली असें आरोग्य खातें समजतें. न आल्यास कर्मचारी चौकशीस जातो. यासाठीं महागडा मोबाइल लागत नाहीं, हा याचा मोठा गुण. मात्र गोळी निघाली म्हणजे ती पोटांत गेलीच असें नव्हे. घरच्या माणसाचें लक्ष अजूनही हवेंच.

तशीच ‘किलकारी’ ही सेवा गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांच्यासाठीं आहे. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचें होईपर्यंत आठवड्यास एक याप्रमाणें ७२ संदेश फोनवर ऐकविले जातात. बिहारमध्यें २०१३ सालीं ती सुरू झाली, केंद्र सरकारनें २०१६ सालीं ती हातीं घेतली, आणि महाराष्ट्रांत ती २०२४ सालीं आली. संदेश आवाजी असल्यामुळें निरक्षर स्त्रीसही तो कळतो. पण येथें एक घरगुती अडचण आहे. नोंदलेला क्रमांक पुष्कळदां नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा असतो, आणि फोन वाजतो तेव्हां तो शेतावर किंवा बाजारांत असतो. जिच्यासाठीं निरोप, तिच्या कानीं तो पडतच नाहीं. ही अडचण कोणतेंही सरकार दूर करूं शकणार नाहीं. ती घरच्या कर्त्या पुरुषानेंच दूर केली पाहिजे.

मोजमाप.— २०१४ सालीं अमेरिकेंत ‘इन्स्टंट ब्लड प्रेशर’ नांवाचें एक ॲप विक्रीस आलें. मोबाइल छातीवर टेकवून त्याच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवलें कीं रक्तदाब कळतो, असा त्याचा दावा होता, आणि त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. २०१६ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं त्याची परीक्षा प्रसिद्ध केली. रक्तदाब वाढलेल्या दर पांच माणसांपैकीं जवळजवळ चौघांचा दाब तें वाढलेला नाहीं असें दाखवीत होतें. कारण उघड आहे. दंडास बांधावयाचा पट्टा धमनींतील प्रवाह दाबून थांबवितो व मग सोडतो. त्यावरून दाब कळतो. नुसत्या मोबाइलला असा दाब देण्याचें साधन नाहीं. रक्तांतील साखरेचेंही तसेंच. त्वचेस न टोंचतां साखर सांगणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबूं नये, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २०२४ सालीं दिला आहे. मधुमेहाच्या रोग्यानें चुकीच्या आंकड्यावरून इन्सुलिन घेतलें तर जिवावर बेतूं शकतें.

२०२० सालच्या करोनाच्या सांथींत पुष्कळ घरांत आलेलें ऑक्सिमीटर हें बोटांतून दोन प्रकारचा प्रकाश पार करून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण ठरवितें. तें उपयुक्त आहे. परंतु बोट गार असल्यास, नखास रंग असल्यास किंवा हात हलत असल्यास आंकडा चुकतो, आणि काळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षां जास्त येऊं शकतो. रोग्यास धाप लागली असेल तर आंकडा चांगला आला म्हणून स्वस्थ बसूं नये.

हातांत मावणारें व मोबाइलला जोडावयाचें सोनोग्राफीचें यंत्रही आतां निघालें आहे. डॉक्टरांस तें मोठें सहाय्य आहे; मात्र १९९४ सालच्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचे निर्बंध त्यालाही लागू आहेत. असें यंत्र घेऊन कोणी घरोघर हिंडत असेल तर तें बेकायदेशीर समजावें.

शेतावरील प्रसंग.— सापाचा दंश झाल्यास मोबाइलचा पहिला उपयोग १०८ क्रमांकास फोन करणें हा होय. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून आहे. दुसरा उपयोग, जवळच्या कोणत्या दवाखान्यांत प्रतिविष आहे हें निघण्यापूर्वीं विचारणें. तिसरा, दंशाची वेळ नोंदणें. सापाचें छायाचित्र काढण्यासाठीं त्याच्यामागें मुळींच लागूं नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांवर आपल्याकडे एकच प्रतिविष दिलें जातें, त्यामुळें साप ओळखतां आला नाहीं तरी उपचार अडत नाहीं. दंशाच्या जागीं कापूं नये, घट्ट आवळूं नये. अवयव न हलेल असा ठेवावा.

फवारणीच्या विषबाधेंत छायाचित्राचा खरा उपयोग आहे. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हें कोणी विसरलें नसेल. कोणतें औषध अंगांत गेलें हें न कळल्यास डॉक्टरचा बहुमोल वेळ जातो. म्हणून फवारणीस आरंभ करण्यापूर्वींच डब्याच्या लेबलाचें स्पष्ट छायाचित्र घ्यावें. त्यावर औषधाचें रासायनिक नांव, विषाची तीव्रता दाखविणारा तांबडा, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग, आणि उताराही छापलेला असतो. दोन औषधें मिसळलीं असल्यास दोन्ही लेबलें घ्यावींत. बाधा झाल्यास कपडे उतरवून अंग साबणपाण्यानें धुवावें, मनानें वांती करवूं नये, आणि छायाचित्र दवाखान्यांत पुढें पाठवून रोग्यास लगोलग न्यावें.

गुप्ततेविषयीं.— रोग्याचे अहवाल व छायाचित्रें गांवच्या गटांत फिरविण्याची खोड वाढत आहे. क्षय, कुष्ठ किंवा स्त्रियांचे आजार अशा रीतीनें चव्हाट्यावर आले म्हणजे लोक दुखणें लपवूं लागतात, आणि लपविलेलें दुखणें साऱ्या गांवास भोंवतें. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं कायदा झाला आहे. पण गांवाच्या गटांत आधीं आपली रीतच आवरली पाहिजे.

आमच्या सभासदांस शेवटीं इतकेंच सुचवावयाचें आहे : उपकेंद्र, प्रतिविष असलेला दवाखाना व १०८ हे क्रमांक प्रत्येकानें गोठ्याच्या व कोठाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. लेबलाचें छायाचित्र मालकाच्या मोबाइलमध्येंच न राहतां फवारणी करणाऱ्या मजुराच्या सोबत्याकडेही असावें. घरांत गरोदर स्त्री असेल तर तिच्या संदेशाच्या वेळीं फोन तिच्या हातीं द्यावा व तिला डॉक्टरशीं एकटीस बोलूं द्यावें. आणि पुढच्या फवारणीपूर्वीं ज्याच्याकडे मोबाइल नाहीं अशा मजुरास, प्रसंग पडल्यास कोणास हांक मारावयाची, हें नांव घेऊन सांगून ठेवावें.