बाळ बघतंय कुठे?

मोठ्या माणसाचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, काढताना तंत्रज्ञ बजावतात, ‘डोळे हलवू नका.’ सहा महिन्यांच्या बाळाला हे कोण सांगणार? ते पडद्यावरचं चित्र सोडून आईच्या बांगड्यांकडे बघतं आणि तो क्षण वाया जातो.

नजर ढळते एवढंच नाही. मेंदूतली वीज, जी जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसात प्रथम नोंदवली, डोक्याच्या त्वचेवर व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकीच उरते. डोळाही विजेचा स्रोत आहे. त्याची पुढची बाजू मागच्या पडद्याच्या तुलनेत धनभारित असते, म्हणून डोळा फिरला की उठणारी लाट मेंदूची लाट झाकून टाकते. मेंदूचा म्हणून गाजलेला एक वेगवान गॅमा संकेत मुळात नजरेच्या सूक्ष्म झटक्यांतून, डोळ्याच्या स्नायूंतून येत होता, हे इस्रायली संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं. तेही मोठ्यांच्या नोंदींत!

यावर उपाय म्हणजे नजर टिपणारा कॅमेरा. पडद्याखालचे अवरक्त दिवे बुबुळावर चमक पाडतात. ती चमक आणि बाहुलीचा मध्य यांच्या अंतरावरून नजरेची दिशा कळते, काही यंत्रांत सेकंदाला शेकडो वेळा. ईईजीचं घड्याळ त्याच्याशी जुळवलं की बाळ पाहील तेव्हाच चित्र दाखवता येतं आणि न पाहिलेले क्षण वगळता येतात. एरवी हे काम माणसं चित्रफीत पाहत तासन्‌तास करतात.

ईईजी आणि नजर जुळवलेल्या अशा नोंदींवरून आज एकेका बाळाचं निदान होत नाही. हे संशोधनाचं साधन आहे. पण संशोधन गावापर्यंत जाऊ शकतं. उत्तर प्रदेशातल्या शिवगडला संशोधक जॉन स्पेन्सर यांच्या गटाने ईईजीऐवजी प्रकाशाच्या साहाय्याने लहानग्यांच्या मेंदूचा अभ्यास केला, तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला.

जळगाव-धुळ्यात ईईजी आणि कॅमेऱ्याची ही जोडी आणायची तर टाळूवरचं तेल विद्युतसंपर्क बिघडवेल, काजळ कॅमेऱ्याला चकवेल, आणि मे महिन्यातल्या घामाने नोंद हेलकावत राहील. तेल-काजळाबद्दल आईला आधीच, नीट कारण सांगून विचारायला हवं. शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. नोंद बिघडली म्हणून तिला पुन्हा बोलावणं मला अन्यायाचं वाटतं. एका बैठकीतून जास्तीत जास्त कामाचे क्षण मिळवून देणारा कॅमेरा इथे म्हणूनच हवा. आणि बाळाला पडद्याकडे वळवणारी हाक अहिराणीत, पावरीत असावी. घरच्या बोलीची लय बाळाला जन्मापासून ओळखीची असते.