सातारा आणि सांगली : वस्तीनामांतून दिसणारा स्थलांतराचा निर्णय

एखाद्या लहानशा डोंगरी नगरात जाऊन राहावे की राहू नये, हा प्रश्न सामान्यतः भूगोलाच्या किंवा अर्थशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. हवा, पाणी, वाटा, बाजार व निर्वाह यांचा हिशेब त्यात असतो आणि तो तसा असणे योग्यही आहे. परंतु असा निर्णय अनेकांनी अनेक पिढ्या घेतला, म्हणजे त्याची खूण त्या नगरातील वस्त्यांच्या नावांत उरते. दप्तरे जळतात, वाडे पडतात, पण पेठेचे नाव तोंडातोंडी चालत राहते. सातारा व सांगली ही दोन नगरे या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. दोन्ही राजसत्तेच्या स्थलांतरातून वाढली व दोन्ही कृष्णेच्या खोऱ्यात आहेत. मात्र एकाची निवड डोंगर पाहून झाली आणि दुसऱ्याची नदी पाहून.

(१) निवडीचा प्रसंग

साताऱ्याला गादीचे ठिकाण करण्याचा विचार छत्रपती शाहूंच्या आधीचा आहे. जिंजीहून परतल्यावर राजारामांनी सातारा हे राज्याचे मुख्य ठाणे केले. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने किल्ल्याला वेढा घातला आणि १७०० च्या एप्रिलात किल्ला मोगलांच्या हाती गेला. पुढे तो मराठ्यांनी परत मिळविला. १६८९ पासून मोगलांच्या छावणीत वाढलेले शाहू १७०७ मध्ये सुटून आले, खेडच्या लढाईनंतर त्यांनी सातारा घेतला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी तेथे राज्याभिषेक करविला.

ही निवड मोकळ्या मनाने, सर्व पर्याय समोर मांडून झालेली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. रायगड १६८९ मध्ये पडला होता आणि तो १७३३ पर्यंत परत आला नाही. पन्हाळा ताराबाईंच्या पक्षाकडे होता. मैदानातील गावे युद्धाने उजाड झाली होती. ज्या राजाला आपला हक्क शस्त्राने सिद्ध करावयाचा होता, त्याला पाठीशी किल्ला हवा होता. नगरापासून सुमारे ३०० मीटर उंच चढणारा साताऱ्याचा डोंगर ती गरज भागवीत होता. म्हणजे या स्थलांतराचे मूळ कारण भय हे होते.

सांगलीचा प्रसंग निराळा. मिरजेच्या पटवर्धन घराण्यात चुलते गंगाधरराव व पुतणे चिंतामणराव यांच्यात बेबनाव झाला आणि १८०१ च्या सुमारास चिंतामणरावांनी कृष्णाकाठच्या सांगली या खेड्यात आपली स्वतंत्र गादी मांडली. तेथे गणेशदुर्ग बांधला गेला व नदीकाठी गणपतीचे देऊळ उभे राहिले. येथेही कारण संघर्षाचेच होते, परंतु तो भाऊबंदकीचा होता. शत्रूची फौज दाराशी नव्हती. त्यामुळे नदी, काळी जमीन व दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटा यांना निवडीत जागा मिळाली.

(२) नगरनामांचे लोकव्युत्पत्तिशास्त्र

दोन्ही नगरांच्या नावांविषयी लोकांनी संख्येवर आधारलेल्या व्युत्पत्ती रचल्या आहेत. सतरा बुरूज किंवा सतरा दरवाजे म्हणून ‘सातारा’ आणि सहा गल्ल्या म्हणून ‘सांगली’ असे सांगितले जाते. ध्वनिदृष्ट्या या दोन्ही टिकत नाहीत. ‘सतरा’चा ‘सातारा’ होण्यासाठी पहिले दोन्ही स्वर कारणाविना दीर्घ व्हावे लागतात. मराठीची प्रवृत्ती याच्या उलट आहे. ‘सात’ हा शब्द एकटा असता दीर्घ राहतो व ‘सतरा’, ‘सत्तर’ यांत ऱ्हस्व होतो. ‘सहा गल्ली’पासून ‘सांगली’ काढावयाची तर अनुस्वार कोठून आला हे सांगता येत नाही. शिवाय चिंतामणरावांनी गल्ल्या आखण्यापूर्वीच त्या नावाचे खेडे तेथे होते.

तथापि लोकव्युत्पत्ती चुकीची ठरली म्हणून निरुपयोगी ठरत नाही. मोगलांनी किल्ला घेतल्यावर शाहजादा आझमच्या नावावरून त्याला ‘आझमतारा’ म्हटले, आणि मराठ्यांकडे तो परत आल्यावर ‘अजिंक्यतारा’ हे नाव रूढ झाले. परस्परांशी लढणाऱ्या दोन पक्षांनी नाव बदलताना ‘तारा’ हे पद मात्र तसेच ठेवले. यावरून मूळ व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. त्या काळच्या लोकांना ‘सातारा’ या शब्दात ‘तारा’ ऐकू येत होता, एवढे मात्र निश्चित होते. नावाचा उगम व नावाची जाणीव हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, म्हणजे अशा सामग्रीचा खरा उपयोग होतो.

(३) साताऱ्याच्या पेठा

साताऱ्यातील वस्तीनामांत काळाचे थर स्पष्ट दिसतात. पहिला थर किल्ल्याचा. ‘माची पेठ’ या नावातील ‘माची’ हा दुर्गवास्तूचा शब्द आहे. बालेकिल्ल्याखालची, डोंगराच्या उतारावरील सपाटी असा त्याचा अर्थ. दुसरा थर छावणीचा. ‘रामाचा गोट’ या नावातील ‘गोट’ म्हणजे सरदाराच्या पथकाचा तळ. नाव षष्ठीचा प्रत्यय धरून जसेच्या तसे राहिले आहे. तळ उठला, घोडी गेली, राहुट्यांच्या जागी घरे आली, पण बोलण्यातील रचना तीच राहिली. मुक्कामासाठी आलेले लोक कायमचे राहिले, याचा यापेक्षा बोलका पुरावा मिळणे कठीण.

तिसरा थर पेठांचा. मंगळवार, शनिवार यांसारखी वारांची नावे पुण्याप्रमाणेच येथेही आहेत. ‘यादोगोपाळ’, ‘मल्हार’, ‘बसप्पा’ ही व्यक्तिनामे आहेत आणि ‘केसरकर’ हे आडनाव. यांपैकी ‘बसप्पा’ हे नाव विशेष लक्ष देण्यासारखे आहे. ‘बसव’ व ‘अप्पा’ यांनी बनलेले हे नाव लिंगायत समाजात रूढ आहे व त्याची घडण कानडी आहे. राजा, सरदार व कारकून यांच्या मागोमाग दक्षिणेकडील समाजही या डोंगराच्या पायथ्याशी आला, हे त्या एका नावातून सूचित होते. ‘चिमणपुरा’ व ‘व्यंकटपुरा’ यांतील ‘पुरा’ मूळचा संस्कृत ‘पुर’ असला, तरी नगराचा एक विभाग या अर्थाने त्याचा प्रसार मोगली नगररचनेबरोबर झाला. पूर्वीचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, आपल्या पुऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. ‘प्रतापगंज’मध्ये फारसी ‘गंज’ आला आहे आणि तो छत्रपती प्रतापसिंहांच्या काळाकडे नेतो. अखेरचा थर ‘सदर बझार’ व ‘कॅम्प’ यांचा, म्हणजे इंग्रजी छावणीचा.

माची, गोट, पेठ, पुरा, गंज, बझार हा क्रम पाहिला असता असे दिसते की, साताऱ्याकडे येण्याचा निर्णय एकदा झालेला नाही. तो सुमारे दीडशे वर्षांत पुनःपुन्हा, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या कारणांनी घेतला. राजाला किल्ला हवा होता. सरदाराला राजाजवळ तळ हवा होता. कारकुनाला दरबार हवा होता. वाण्याला या सर्वांचे गिऱ्हाईक हवे होते. पेठ बसविताना नव्याने येणाऱ्यांना ‘कौल’ दिला जाई, म्हणजे काही वर्षे करांची सूट व अभयाचे वचन मिळे, आणि व्यवस्था शेटे व महाजन पाहत. ‘कौल’ हा अरबीतून आलेला शब्द वचनाचा आहे. व्यापारी डोंगराच्या ओढीने येत नसे. दिलेला शब्द पाळला जाईल, या विश्वासावर तो येत असे.

(४) सांगलीचे ‘भाग’

सांगलीत शब्दसृष्टीच बदलते. गावभाग, पेठभाग, खणभाग, वखारभाग ही तेथील जुनी नावे. सर्वांत समान असलेले ‘भाग’ हे पद वाटणीचे, आखणीचे आहे. माची किंवा गोट यांच्यासारखा युद्धाचा वास त्याला नाही. ‘गावभाग’ हे नाव तर एका मोठ्या बदलाची साक्ष आहे. सारे गावच गाव असते तोवर त्यातील एका भागाला ‘गाव’ म्हणण्याचे कारण नसते. मूळ खेड्याभोवती नवे नगर उभे राहिले, तेव्हाच जुन्याला हे नाव मिळाले. ‘वखार’ हा साठवणीचा शब्द आहे. जवळच हरिपुरास, कृष्णा व वारणा यांच्या संगमाशी, हळद साठविण्याची जमिनीखालील पेवे प्रसिद्ध आहेत. वखार व पेव या दोन शब्दांत सांगलीच्या बाजाराचा पाया सामावला आहे. ‘पेठ’ हा शब्दही कानडी ‘पेटे’शी नाते सांगणारा असून, सांगलीचा व्यापार दक्षिणेशी किती निकटचा होता याची आठवण देतो.

(५) निर्णयाची परीक्षा

निवड योग्य होती की नाही, हे ज्या कारणासाठी ती केली ते कारण नाहीसे झाल्यावर कळते. साताऱ्याच्या बाबतीत हे लवकर घडले. राज्य उत्तरेकडे पसरू लागले तसे डोंगराआडचे ठिकाण कारभाराला आडवळणाचे झाले. पहिल्या बाजीरावाने पुण्यात बस्तान बसविले व १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. १७४९ मध्ये शाहू निवर्तले आणि पुढील वर्षीच्या सांगोल्याच्या करारानंतर सत्ता पुण्यात गेली. गादी साताऱ्यास राहिली. १८१८ नंतर इंग्रजांनी प्रतापसिंहांना राज्य दिले तेव्हा नगराला पुन्हा उजाळा मिळाला. १८३९ मध्ये ते पदच्युत झाले आणि १८४८ मध्ये संस्थान खालसा झाले. पुढे पुणे–मिरज लोहमार्गही नगराच्या पूर्वेकडून, काही मैलांवरून गेला.

गोटात राहणाऱ्या कुटुंबांचे तेव्हा काय झाले असेल? राजा हलला तरी बिऱ्हाड हलविणे सोपे नसते. मराठीत ‘मुक्काम’, ‘बिऱ्हाड’, ‘घर’ व ‘वाडा’ हे शब्द वास्तव्याच्या चढत्या पायऱ्या दाखवितात. मुक्काम हलतो, बिऱ्हाड हलविता येते, घर सोडावे लागते आणि वाडा टाकून जावे लागते. क्रियापदांतील हा फरक निर्णयाची किंमत सांगतो. दरबार गेल्यावरही सातारा ओस पडला नाही, कारण जिल्ह्याचे ठाणे, शाळा व आसपासच्या खोऱ्यांचा बाजार यांनी त्याला धरून ठेवले.

सांगलीचा हिशेब उलट दिशेने चुकला. बाजार वाढला. १९४९ मध्ये सातारा जिल्हा विभागला गेला तेव्हा दक्षिण साताऱ्याचे मुख्य ठाणे सांगलीस आले आणि १९६० मध्ये जिल्ह्यालाही तेच नाव मिळाले. परंतु ज्या नदीमुळे हे वैभव आले, तीच धोक्याचे कारण झाली. महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. साताऱ्याच्या डोंगरांवरील हे पाणी कृष्णा व कोयनेतून कऱ्हाडच्या संगमावरून खाली येते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ व २०२१ मध्येही नगराने महापूर पाहिले. हळदीला सुरक्षित ठेवणारी जमीनच पाण्याखाली गेली, तेव्हा पेवांतील साठाही वाचला नाही.

(६) निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निघतात. पहिली, स्थलांतराचा निर्णय ज्या संकटाकडे पाहून घेतला जातो, त्याच संकटापुरता तो शहाणा असतो. शाहूंच्या साताऱ्याने स्वारीचे भय टाळले, पण आडवळण पत्करले. चिंतामणरावांच्या सांगलीने व्यापार मिळविला, पण पूर पत्करला. दुसरी, नगर निवडणारा व त्याच्यामागे येणारा यांची कारणे एक नसतात, आणि पहिल्याचे कारण संपल्यावर दुसऱ्याचे काय, हा प्रश्न निवडीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. तिसरी, डोंगरी नगर टिकते ते त्याच्या उंचीमुळे नव्हे, तर उंचीखेरीज त्याला दुसरा आधार असल्यामुळे.

आजही पुण्या-मुंबईच्या गर्दीला कंटाळून साताऱ्याकडे पाहणारी कुटुंबे आहेत आणि सांगलीच्या गावभागातून विश्रामबागेकडील उंच जागेवर जाण्याचा विचार करणारीही आहेत. त्यांच्यापुढील प्रश्न माचीवरच्या व गोटातल्या लोकांपुढील प्रश्नाहून फारसा निराळा नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या दोन्ही नगरांत नव्याने पडणारी वस्तीनामे, म्हणजे नगर, कॉलनी, पार्क, हाइट्स यांनी संपणारी नावे, त्यांच्या स्थापनेच्या वर्षांसह नोंदवून ठेवावीत. माची व गोट यांनी आपल्या काळचे भय सांगितले, वखारीने आशा सांगितली. नवी नावे कशाचे भय आणि कशाची आशा बाळगतात, ते त्या नोंदींवरून ठरविता येईल.