सुट्या भागांची रायफल

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत, बंदूक बाळगण्यास कायद्याने मज्जाव नसलेल्या सज्ञान नागरिकाला रायफल दोन मार्गांनी मिळवता येते. एक मार्ग दुकानातून तयार रायफल विकत घेण्याचा आणि दुसरा नळी, बोल्ट, चापाची यंत्रणा, दस्ता असे सुटे भाग निरनिराळ्या उत्पादकांकडून मागवून ती घरच्या घरी जोडण्याचा. दुसरा मार्ग तेथील हौशी नेमबाजांत इतका रूढ झाला आहे की आयुष्यातील पहिलीच रायफल विकत घ्यावी की स्वतः जोडावी, हा प्रश्न अगदी नवशिक्यालाही पडतो. भारतीय वाचकाला ही प्रथा नवलाची वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तिच्या मुळाशी गेल्यास आधुनिक यंत्रयुगाचा पाया कसा घातला गेला याचा उलगडा होतो आणि सुट्या भागांच्या ढिगात ‘बंदूक’ नेमकी कोणत्या भागाला म्हणावे, या कायद्याच्या अवघड प्रश्नाशीही गाठ पडते.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगात कोठेही बंदूक ही कारागिराच्या हातची वस्तू होती. तिची कळ, म्हणजे ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा, तयार करताना कारागीर प्रत्येक तुकडा कानशीने घासून शेजारच्या तुकड्याशी जुळवत असे. त्यामुळे एकाच कारखान्यात एकाच नमुन्यावर बनलेल्या दोन बंदुका दिसायला सारख्या असल्या, तरी एकीचा स्क्रू दुसरीला बसेल याची खात्री नसे. रणांगणावर एखादी स्प्रिंग तुटली, तर तिच्या जागी दुसरी बसवण्यासाठी कुशल कारागीर आणि त्याची कानस यांवाचून गत्यंतर नव्हते आणि म्हणून नादुरुस्त बंदुकांचे ढीग ही प्रत्येक सैन्याची कायमची डोकेदुखी होती.

या अडचणीवर पहिला पद्धतशीर उपाय फ्रान्समध्ये शोधला गेला. ओनोरे ब्लाँ या कारागिराने साचे आणि मापके वापरून कळेचे भाग इतके एकसारखे घडवले, की कोणताही भाग कोणत्याही कळेत बसावा. त्या वेळी अमेरिकेचे पॅरिसमधील राजदूत असलेले थॉमस जेफरसन यांनी १७८५ साली त्याच्या कार्यशाळेला भेट दिली, कप्प्याकप्प्यांत ठेवलेल्या पन्नास कळांच्या भागांतून हाती येतील ते तुकडे उचलले आणि काही कळा स्वतः जोडून पाहिल्या. त्या बिनचूक जुळल्याचे त्यांनी मायदेशी पत्राने कळवले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या, परंतु बंदूक घडवण्याच्या धंद्याशी संबंध नसलेल्या एका माणसाने सुट्या भागांतून केलेली ही जोडणी आजच्या अमेरिकी छंदाची पूर्वपीठिका मानता येईल.

ब्लाँची कल्पना अमेरिकेत रुजली, पण सहजासहजी नाही. इलाय व्हिटनी या अमेरिकी उद्योजकाने १७९८ साली सरकारला दहा हजार मस्केट दोन वर्षांत पुरवण्याचे कंत्राट घेतले आणि १८०१ मध्ये वॉशिंग्टन येथे मान्यवरांसमोर कळांच्या अदलाबदलीचे प्रात्यक्षिकही केले. प्रत्यक्षात ते कंत्राट पुरे व्हायला १८०९ साल उजाडले आणि विसाव्या शतकात अभ्यासकांनी त्याच्या उपलब्ध बंदुका उघडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे भाग परस्परांत बदलता येण्याजोगे नसल्याचे आढळले. हे ध्येय खऱ्या अर्थाने गाठण्याच्या कामी सिमियन नॉर्थ आणि जॉन हॉल या तुलनेने कमी प्रसिद्ध व्यक्तींचा वाटा मोठा आहे. नॉर्थच्या १८१३ च्या पिस्तुलांच्या कंत्राटात भाग परस्परांत बदलता आले पाहिजेत अशी अटच घातली होती, तर हॉलने हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रकारखान्यात आपल्या रायफलीचा प्रत्येक भाग तपासण्यासाठी पोलादी मापकांचा मोठा संच तयार केला. १८२६ साली नेमलेल्या तपासनिसांनी हॉलच्या शंभर रायफली सुट्या करून, त्यांचे भाग एकमेकांत मिसळून पुन्हा जोडून पाहिल्या आणि त्या जुळल्या. पुढे १८३४ च्या सुमारास नॉर्थच्या कारखान्यात बनलेले भाग हार्पर्स फेरीच्या रायफलींना बसू लागले, तेव्हा शेकडो किलोमीटर अंतरावरचे दोन कारखाने प्रथमच एका मापाने बांधले गेले.

या यशाचे रहस्य मापकात होते. तोवर कारागीर एका भागाची तुलना दुसऱ्या भागाशी करत असे. आता प्रत्येक भागाची तुलना एका स्थिर मापाशी होऊ लागली आणि त्या मापापासून किती ढळले तरी चालेल याची मर्यादा, जिला तंत्रज्ञ ‘टॉलरन्स’ म्हणतात, ती आधीच ठरवली जाऊ लागली. याच सुमारास स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यासाठी थॉमस ब्लँचर्डने बंदुकीच्या वेड्यावाकड्या आकाराचा लाकडी दस्ता नमुन्याबरहुकूम कोरणारे लेथ तयार केले. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात व्हरमाँटच्या रॉबिन्स अँड लॉरेन्स या कंपनीने अशा परस्परांत बदलता येणाऱ्या भागांच्या रायफली मांडल्या. त्या पाहून प्रभावित झालेल्या ब्रिटिश सरकारने एन्फील्डच्या कारखान्यासाठी अमेरिकेतून यंत्रे मागवली. ज्या रायफलीच्या काडतुसांचा विषय १८५७ च्या उठावाच्या संदर्भात भारतीयांना परिचित आहे, तो १८५३ चा एन्फील्ड नमुना पुढे याच यंत्रांवर तयार होऊ लागला. शस्त्रकारखान्यांत तयार झालेले कामगार आणि त्यांची पद्धत शिवणयंत्रे, सायकली आणि अखेरीस मोटारगाड्यांच्या कारखान्यांपर्यंत पोहोचली.

असे असले तरी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य माणसाला घरी रायफल जोडणे सोपे नव्हते. दोन महायुद्धांनंतर स्वस्तात निघालेल्या माउझर आणि स्प्रिंगफील्ड रायफली घेऊन अनेक अमेरिकी शिकारी त्यांना नवी नळी व नवा दस्ता बसवून घेत. मात्र नळी बसवण्याचे काम बंदूक दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडेच द्यावे लागे. याचे कारण ‘हेडस्पेस’ या मापात आहे. काडतूस नळीच्या मागच्या टोकातील कोठडीत बसते आणि त्याच्या पाठीमागे बोल्ट घट्ट अडकून राहतो. काडतूस कोठडीत जेथे टेकते ती जागा आणि बोल्टचा दर्शनी पृष्ठभाग यांतील अंतर म्हणजे हेडस्पेस. हे अंतर कमी पडले तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाले तर बार उडताना पितळी काडतूस मागे ताणले जाऊन फाटू शकते आणि वातावरणाच्या दाबाच्या साडेतीन हजार पटींहून अधिक दाबाचा वायू नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने सुटू शकतो. माउझरसारख्या रायफलीत नळी मुख्य सांगाड्यात आट्यांनी फिरवून बसवलेली असल्याने प्रत्येक नव्या नळीबरोबर हे अंतर नव्याने साधावे लागे.

युजीन स्टोनर या अभियंत्याने आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आखलेल्या एआर-१५ या रायफलीने हा अडथळा दूर केला. तिचा बोल्ट मुख्य सांगाड्यात न अडकता नळीच्याच मागच्या टोकाला कायमच्या जोडलेल्या पोलादी कड्यात अडकतो, म्हणजे स्फोटाचा मुख्य ताण नळी आणि बोल्ट हे दोघेच आपसांत पेलतात. त्यामुळे सांगाडा हलक्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा करता आला आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हेडस्पेसचे नाजूक काम नळी बनवणाऱ्या कारखान्यातच पार पडू लागले. सांगाडाही वरचा आणि खालचा अशा दोन भागांत विभागलेला असून ते केवळ दोन पिनांनी जोडलेले असतात. कोल्ट कंपनीने १९५९ मध्ये या आराखड्याचे हक्क घेतले. सैन्यासाठी या रायफलीची एम-१६ झाली आणि १९६४ पासून, प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागेल अशी तिची आवृत्ती नागरिकांना विकली जाऊ लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टोनरच्या मुख्य पेटंटची मुदत संपली, सैन्याची मापे सर्वांसमोर होतीच, आणि पाहता पाहता अनेक उत्पादक परस्परांशी जुळणारे भाग बनवू लागले.

आज पहिली रायफल जोडणारा नवशिक्या या साऱ्या वारशावर उभा असतो. त्याला धातू कापावा लागत नाही की कानस चालवावी लागत नाही. परंतु चाप ओढल्यावर घोडा कसा सुटतो, सुरक्षेचा खटका चापाला कोठे अडवतो, वायूचा दाब बोल्टला मागे कसा ढकलतो, ही तयार रायफल घेणाऱ्याच्या नजरेआड राहणारी साखळी त्याला प्रत्येक तुकडा हाताळून समजून घ्यावी लागते. रायफल उघडून साफ करणे, झिजलेली स्प्रिंग वेळीच ओळखणे आणि बिघाड कोठे आहे हे ताडणे या गोष्टी त्याला पुढे सोप्या जातात, आणि या मार्गाचा खरा लाभ हाच आहे. पैशांची बचत होईलच असे मात्र नाही. मोठा कारखाना भाग घाऊक भावाने घेतो, तर हौशी माणूस ते किरकोळ भावाने घेतो आणि जोडणीच्या खास अवजारांवरही खर्च करतो.

या सोयीत दडलेला धोकाही मापाचाच आहे. निरनिराळ्या कारखान्यांतील नळी आणि बोल्ट एकत्र आणल्यावर हेडस्पेस तपासण्यासाठी दोन लहान पोलादी मापके वापरतात: पहिल्यावर बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे आणि दुसऱ्यावर तो बंद होता कामा नये. या दोन मापकांच्या लांबीत इंचाच्या अवघ्या काही हजारांश भागांचा फरक असतो, तो नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि रायफल सुरक्षित आहे की नाही याचा निवाडा तेवढ्या फरकावर होतो. काडतुसांच्या बाबतीतही असेच घडते. ‘.३०० ब्लॅकआउट’ या जाड गोळीच्या काडतुसाला नेहमीच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाचाच बोल्ट आणि तेच मॅगझिन चालते. म्हणूनच ते चुकून ५.५६ च्या नळीत शिरून उडाले, तर गोळीला पुढे जायला वाट उरत नाही आणि रायफल फुटते. भाग सहज बदलता येतात म्हणूनच ही चूकही सहज घडते. पहिल्या जोडणीनंतर गोळी झाडण्याआधी रायफल जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी, हा सल्ला त्यामुळे गांभीर्याने घेतला पाहिजे.

कायद्याच्या बाजूने पाहता प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या शस्त्रनियंत्रण कायद्यानुसार मुख्य सांगाडा, ज्याला तेथे ‘रिसीव्हर’ म्हणतात, तोच एकटा बंदूक समजला जातो. एआर-१५ च्या बाबतीत हा मान खालच्या सांगाड्याला मिळाला आहे. अनुक्रमांक त्याच्यावर कोरलेला असतो आणि परवानाधारक विक्रेत्याकडून तो घेताना ग्राहकाला अर्ज भरून पार्श्वभूमीची तपासणी करून घ्यावी लागते, तर नळी, बोल्ट, दस्ता हे भाग संघराज्याच्या कायद्याप्रमाणे तपासणीविना विकत घेता येतात. स्वतःच्या वापरासाठी, विकण्याचा हेतू नसताना, बंदूक तयार करण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. काही राज्यांचे नियम मात्र याहून बरेच कडक आहेत.

या व्यवस्थेतली फट अर्धवट घडवलेल्या सांगाड्यांनी उघडी केली. कारखान्यात बहुतांश काम झालेला, पण थोडे काम शिल्लक ठेवलेला सांगाडा ‘अजून बंदूक नाही’ असे म्हणून अनुक्रमांकाशिवाय आणि तपासणीशिवाय विकला जाऊ लागला. अशा सांगाड्यांपासून बनलेली, माग न काढता येणारी शस्त्रे गुन्ह्यांच्या तपासात सापडू लागली, तेव्हा २०२२ साली संघराज्याच्या शस्त्रविभागाने सहज पूर्ण करता येणारे संच आणि सांगाडे हेही बंदूकच समजले जातील असा नियम केला आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी तो उचलून धरला. अनुक्रमांक असलेल्या सांगाड्यावर रायफल जोडणारा प्रामाणिक हौशी आणि ओळख पुसलेले शस्त्र हवे असणारा गुन्हेगार यांच्यात भेद करण्याचा हा प्रयत्न योग्यच आहे, कारण ज्या शस्त्राचा माग लागत नाही, त्याची जबाबदारीही कोणावर निश्चित करता येत नाही.

भारतीय वाचकाने येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली पाहिजे, ती म्हणजे भारतात हा छंद कायद्याने शक्यच नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या संज्ञेखाली शस्त्राचे भागही येतात. परवान्याशिवाय बंदूक तयार करणे हा गंभीर गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाने तेथील कायद्याच्या चौकटीत जोडलेली रायफल किंवा तिचे भाग सामानात घालून भारतात आणणे म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणे आहे. मात्र सुट्या भागांची मूळ कल्पना भारतीय क्रीडाक्षेत्रालाही परकी नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकारात कांस्यपदक मिळवले. या प्रकारातील रायफलींचे गालाचे टेकू आणि खांद्याला लागणारे भाग नेमबाजाच्या शरीराप्रमाणे सरकवता व बदलता येतात, आणि गुडघ्यावर बसून, झोपून व उभे राहून नेम धरताना त्या सोयीवर बरेच काही अवलंबून असते.

बंदुकीसारखी जीवघेणी वस्तू घरच्या टेबलावर जोडता येणे हे व्यक्तीच्या कौशल्याचे लक्षण समजले जाते, परंतु त्या कौशल्याचा फार मोठा वाटा हॉलच्या मापकांपासून आजच्या संगणकचालित यंत्रांपर्यंत कित्येक पिढ्यांनी आधीच उचललेला असतो. त्या शिस्तीचे दोन धागे तेवढे जोडणाऱ्याच्या हाती उरतात: दोन भाग एकत्र येतात तेथे मापाची खात्री करून घेणे आणि तयार झालेल्या शस्त्रावर आपली ओळख राखणे. कारखान्याने उरलेले सर्व काम सोपे केले असले, तरी या दोन गोष्टींची जबाबदारी पूर्वीच्या कारागिराप्रमाणे आजही जोडणाऱ्या व्यक्तीवरच आहे, आणि ती पेलण्याची तयारी नसलेल्याने तयार रायफलीच्या वाटेलाही जाऊ नये.