एका चकतीवर दोन राजे

नकाशावर पैठणपासून तेरपर्यंत पट्टी ठेवून पाहा. रेष बीड जिल्ह्याला कापत, बीड शहराच्या अगदी जवळून जाते. लांबी भरते सुमारे 150 किलोमीटर. भडोच ते पैठण अशीच मोजली तर साधारण 350.

आता पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वृत्तांताकडे वळू. त्यात म्हटलं आहे की भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवसांवर. भागाकार केला की एका टप्प्यावर दिवसाला साडेसतरा किलोमीटर पडतात, दुसऱ्यावर पंधरा. ही भरल्या बैलगाडीची चाल आहे. तेरचं कापड धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांवर भडोचला जायचं, हेही त्याच वृत्तांतात आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्या बालाघाटाच्या माळांवर असा जुळतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

या व्यापाराच्या काळात पश्चिमेकडे क्षहरात वंशातला क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपान याचं चांदीचं नाणं चालायचं. वजन जेमतेम दोन ग्रॅम. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसरीकडे बाण आणि वज्र.

नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत आपली दानं कोरून ठेवली आहेत. तीन लाख गाई दान केल्याचं तो सांगतो. एका गाईला दोन मीटर धरले तर ही रांग 600 किलोमीटर होईल, भडोचहून पैठणमार्गे तेर गाठून वर शंभर किलोमीटर उरेल. या आकड्यात मोठेपणाचा वाटा आहे, असं मला वाटतं. पण त्याच लेण्यातला दुसरा हिशेब बघा. दोन हजार कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. वर्षाला झाले 240. त्यातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा. बारा विसं दोनशे चाळीस! मुद्दल कधीच परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. तीन लाखांपेक्षा हे 240 मला अधिक थक्क करतात, कारण त्यामागे खरा, रोजच्या व्यवहारातला पैसा आहे. एका ठिकाणी 70,000 कार्षापणांचे 2,000 सुवर्ण असा भावही दिला आहे, म्हणजे सोन्याच्या एका नाण्याला चांदीची पस्तीस. सत्तर हजारांची चांदी होते अंदाजे 140 किलो.

मग पैठणचा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी नहपानाच्या सत्तेवर चालून गेला आणि जिंकला.

त्या विजयाची मोजदाद 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीत मातीतून वर आली. अभ्यासकांच्या हाती आलेली नाणी 13,250 च्या वर होती. सगळी नहपानाची, सगळी चांदीची. त्यांपैकी सुमारे 9,270 नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता: एका अंगाला तीन कमानींचा चैत्य आणि ब्राह्मीत स्वतःचं नाव, दुसऱ्या अंगाला उज्जैन चिन्ह. दहांतली सात नाणी!

वजनात हा सगळा निधी तीस किलोच्या आतबाहेर, एका माणसाला डोक्यावर उचलता येईल एवढा. पण हातांचा हिशेब करा. नाणं साच्यावर बसवायचं, वर ठसा धरायचा, घण मारायचा, काढायचं. अर्धं मिनिट धरलं तरी 9,270 नाण्यांना 77 तास लागतात, रोज आठ तास काम केलं तरी जवळपास दहा दिवस. आणि हे एका ठिकाणी पुरलेलं धन आहे. बाजारात, श्रेणींच्या तिजोऱ्यांत, गाडीवानांच्या कनवटीला फिरणारी नाणी किती असतील आणि टांकसाळीत किती खांदे भरून आले असतील!

सातवाहनांची बहुतेक नाणी शिशाची, तांब्याची, पोटीन या मिश्रधातूची. इथे तर तयार चांदी हाती आली होती. वितळवायची म्हटली तर भट्टी, सरपण आणि पुन्हा एकेक चकती तोलून घेणं आलं. ठसा मारणं स्वस्त पडलं, हे खरंच. मला मात्र त्यात आणखी एक हेतू दिसतो. नवा ठसा जुन्याला पुरता झाकत नाही. चैत्याच्या कडेने नहपानाचं नाक डोकावतं, कुठे त्याच्या नावाची अर्धी अक्षरं उरतात. ज्याच्या हाती नाणं पडलं, त्याला कोण हरलं आणि कोण जिंकलं ते न वाचताही कळत होतं.

गौतमीपुत्राची आई बलश्री हिने नाशिकच्याच लेण्यात मुलाची कीर्ती कोरली. त्यात त्याला क्षहरात वंश निरवशेष करणारा म्हटलं आहे. त्याच नहपानाचा चेहरा तिच्या मुलाच्या ठशाखाली, कितीतरी चकत्यांवर, आजही ओळखता येतो.