लेसर मशीनचं पाणी: रोजची पाच मिनिटं

गणपतीची मखरं, दारावरच्या नावाच्या पाट्या, रांगोळीचे छाप, चामड्यावरची नक्षी ही कामं आता लेसर कटिंगच्या लहान मशीनवर होतात. गटानं कर्ज काढून असं मशीन घेतलं, तर त्याचा हप्ता मशीन चालू राहण्यावरच फिटतो. मशीनमध्ये सगळ्यात नाजूक असते ती लेसरची काचेची नळी. ती बहुतेक वेळा कामाच्या ताणानं फुटत नाही, पाण्याच्या हयगयीनं फुटते. अशा फुटलेल्या नळीची हमी सहसा कुणी देत नाही. म्हणून आज आपण मशीनच्या पाण्याविषयी बोलू.

आधी पाणी कशाला लागतं ते पाहू. या नळीत कार्बन डायऑक्साइड वायू असतो. त्यातून हजारो व्होल्टची वीज गेली की लेसरचा किरण तयार होतो. हा लेसर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. म्हणजे हे तंत्र आपल्याला अगदीच परकं नाही.

पण दिलेल्या विजेतला जेमतेम दहावा हिस्सा किरणात जातो, बाकीची उष्णता होते. ४० वॅटचा किरण हवा असेल तर साधारण ३६० वॅटची उष्णता नळीत तयार होते. ती बाहेर काढण्यासाठी वायूच्या नळीभोवती काचेचं दुसरं आवरण असतं आणि त्यातून पंप सतत पाणी फिरवतो.

बादलीत २० लिटर पाणी असेल आणि किरण पूर्ण जोरात सलग अर्धा तास चालला, तर पाणी सात-आठ अंशांनी तापतं. सकाळी २३ अंशांवर असलेलं पाणी अर्ध्या तासात ३० च्या घरात जातं. पाणी १५ ते २५ अंशांत असलं तर नळी खूश असते. ३० च्या वर गेलं की काम थांबवायचं. पाणी तापलं की किरण मंदावतो, लाकूड आरपार कापत नाही. मग आपण करंट वाढवतो, नळी आणखी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. कट अर्धवट होऊ लागला की आधी पाण्यातला थर्मामीटर बघा, बटण नंतर.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी साठवणीचं पाणीच तापलेलं असतं. तेव्हा मोठी कामं सकाळी उरका. पाण्याच्या बाटल्या गोठवून, घट्ट झाकण लावून काम सुरू करण्याआधी बादलीत सोडा. तापलेल्या नळीत एकदम गार पाणी मात्र जाऊ देऊ नका, काच तडकते. बाजारात चिलर मिळतात, पण घेताना विचारा: आत कॉम्प्रेसर आहे का? सीडब्ल्यू-३००० या प्रकारात नुसता पंखा आणि जाळी असते, ते पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. सीडब्ल्यू-५००० मध्ये कॉम्प्रेसर असतो.

पावसाळ्यात उलटी काळजी घ्यायची. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसाच तो नळीलाही फुटतो. ओल धरली की किरण बाहेर पडतो तिथली काच खराब होते आणि विजेची ठिणगी उडू शकते. म्हणून पावसाळ्यात चिलर २४-२५ अंशांवर ठेवा. नळीवर ओलावा दिसला तर मशीन सुरूच करू नका.

आता पाणी कोणतं घ्यायचं? डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीच्या दुकानात कॅनमध्ये मिळतं ते. दुकानदाराकडून बॅटरीचं ॲसिड आणू नका, कॅनवरचं नाव वाचून घ्या. नळाच्या, विहिरीच्या पाण्यात क्षार असतात आणि शिरोळकडच्या खारवट जमिनीतल्या बोअरच्या पाण्यात तर जास्तच. क्षारांचा पांढरा थर काचेवर बसला की उष्णता बाहेर पडत नाही. शिवाय क्षाराच्या पाण्यातून वीज वाहते. फिल्टरच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच.

बादलीला झाकण हवं आणि ती उन्हात नको, नाहीतर शेवाळ धरतं. पाणी गढूळ दिसलं म्हणून तुरटी फिरवू नका, मीठ, साबण, क्लोरीनचे थेंब घालू नका. सरळ पाणी बदला. उघड्या बादलीचं पाणी महिन्याला बदलावं, हिरवट किंवा बुळबुळीत वाटलं तर लगेच. त्याच वेळी पंपाची जाळी धुवा.

हवेचा बुडबुडाही वैरी आहे. बुडबुडा अडकतो तिथे पाणी काचेला लागत नाही, तेवढीच जागा तापते आणि काच तडकते. म्हणून पाणी बाहेर पडायची तोटी वरच्या बाजूला असावी. पंप चालू करून बुडबुडे निघेपर्यंत थांबा. परतीच्या पाइपाचं टोक बादलीत पाण्याखाली ठेवा, म्हणजे पंप बंद झाल्यावर हवा आत शिरत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट जिवाची. मशीन चालू असताना बादलीत हात घालायचा नाही. मशीनला अर्थिंग पक्कं हवं. पाण्याला किंवा पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. पाण्याची धार थांबली की लेसर आपोआप बंद करणारा फ्लो स्विच मिळतो. तो जाणकाराकडून बसवून घ्या. पंपाचा प्लग सैल होऊन निघाला तर तोच नळी वाचवतो.

गटात मशीन पाच-सहा जणींच्या हाती असतं, आणि सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही असं होतं. म्हणून एक वही मशीनशेजारी ठेवा. ज्या दिवशी जिची पाळी, तिनं एवढं करून सही करावी:

आधी पंप, मग मशीन.
सुरू करण्यापूर्वी परतीचा पाइप क्षणभर वर उचलून धार बघणं.
पाइप कुठे दुमडलेला नाही, बुडबुडा नाही, गळती नाही.
पाण्याचं तापमान काम सुरू करताना आणि दर अर्ध्या तासानं लिहिणं.
काम संपल्यावर आधी लेसर बंद, पंप आणखी दहा मिनिटं चालू.
पाणी बदललं ती तारीख.

कॅनभर पाणी आणि रोजची पाच मिनिटं, खर्च एवढाच. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मखरांच्या ऑर्डरी हातात असताना नळी फुटली, तर नुसती नळी जात नाही, हंगाम जातो. पुढच्या बैठकीत वहीचा विषय घ्या आणि पहिली पाळी कुणाची ते त्याच दिवशी ठरवा.