मदीन्याहून अल-हिज्र: एका दिवसाचा सफर आणि अम्मींची अट

उमऱ्याला निघालेल्या घरांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. मक्का झाले, मदीन्यात आठ-नऊ दिवस आहेत, मग एक दिवस गाडी करून मदाइन सालेह पाहून यायचे का? आमच्या घरातही तो निघाला आणि त्यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. ती संध्याकाळ आणि त्यानंतरचा दिवस येथे सांगतो. ज्यांच्या घरी असा बेत चालला असेल, त्यांना कदाचित उपयोग होईल.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे, अम्मी, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा असे उमऱ्याला गेलो होतो. भाचा यानबूला नोकरीला आहे. तो त्याची गाडी घेऊन मदीन्यात भेटायला आला आणि म्हणाला, "मामू, उद्या माझी सुट्टी आहे. अल-उला साडेतीनशे किलोमीटरच्या आत आहे. फजर पढून निघू, इशापर्यंत परत." मुलगा तर उडालाच. मदाइन सालेहचे फोटो त्याने मोबाइलवर केव्हाच पाहून ठेवले होते.

अम्मी तस्बीह ओढत बसल्या होत्या. त्यांच्या चाळीस नमाजा आदल्याच दिवशी पूर्ण झाल्या होत्या, त्यामुळे ती अडचण नव्हती. पण त्या म्हणाल्या, "ज्या जागेवरून रसूलुल्लाह (स.) मान झाकून घाईघाईने निघून गेले, तिथं तुम्ही तिकीट काढून फिरायला जाणार?"

खोलीत कोणी काही बोलले नाही.

हदीस काय सांगते?

अम्मींचे म्हणणे वरवरचे नव्हते. इ.स. ६३० मध्ये, म्हणजे हिजरी ९ मध्ये, तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषित मुहम्मद (स.) आणि सहाबा अल-हिज्रवरून गेले. हजरत सालेह (अलै.) यांची समूद कौम येथलीच. डोंगर कोरून घरे करणारी, आपल्या कारागिरीचा गर्व बाळगणारी कौम. अल्लाहची निशाणी म्हणून आलेली उंटीण त्यांनी मारली आणि तीन दिवसांत त्यांच्यावर अजाब आला. कुरआनात ही हकीकत अनेक ठिकाणी येते. पंधराव्या सूरहचे नावच अल-हिज्र आहे.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत त्या प्रसंगाचे वर्णन आहे. स्वतःवर जुलूम केलेल्या लोकांच्या वस्तीत शिरायचे असेल तर रडत शिरा, नाहीतर शिरू नका, अशा आशयाची ताकीद प्रेषितांनी (स.) दिली. तेथील विहिरींचे पाणी पिऊ नये आणि त्या पाण्यात मळलेले पीठ उंटांना घालावे असेही सांगितले. फक्त ज्या विहिरीवर ती उंटीण पाणी पीत असे, तिचे पाणी घेण्यास परवानगी होती. मग त्यांनी (स.) डोके झाकले आणि सवारीचा वेग वाढवला.

आमच्या काफिल्यासोबत एक मौलाना होते. त्यांना विचारायला गेलो. त्यांनी सांगितले की, काही उलेमा अशा जागी जाणे टाळावे असे म्हणतात, तर काही म्हणतात, इबरत घेण्यासाठी, मनात अल्लाहची भीती ठेवून गेल्यास मनाई नाही. हदीसमध्ये अट आहे आणि ती अटच महत्त्वाची. सहल म्हणून, खात-पीत, हसत-खिदळत जायचे असेल तर न गेलेले बरे. निर्णय त्यांनी आमच्यावर सोडला.

अम्मींनी रात्री उशिरा निर्णय दिला. "मी येते. पण पाणी आणि खाणं इथून न्यायचं. तिथं फोटो नाहीत. आणि नमाज तिथं नाही, शहरात येऊन पढायची." मुलाचा चेहरा उतरला. पण दादींच्या शब्दापुढे आमच्या घरात कोणाचे चालत नाही.

काळा दगड, तांबडा दगड

फजरनंतर निघालो. मदीन्याच्या बाहेर पडताच रस्त्याच्या कडेला काळ्या लाव्हाचे मोठमोठे पट्टे लागतात. अरबीत त्यांना हर्रा म्हणतात. आपल्या सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि मातीने, गवताने झाकलेला. येथला दगड उघडा, जणू कालच थंड झालेला. अल-उला जवळ येते तसा रंग बदलतो. काळ्याच्या जागी तांबडा वाळूचा दगड येतो. वाऱ्याने त्याचे खांब, कमानी, कळस कोरलेले आहेत. दोन्ही बाजूंना उंच कडे आणि मधे खजुरीच्या बागांची हिरवी पट्टी, असे हे अल-उला.

येथून अल-हिज्र उत्तरेला वीसेक किलोमीटर. आत आपली गाडी नेता येत नाही. तिकीट आधी ऑनलाइन काढावे लागते आणि ठरलेल्या वेळी त्यांच्याच बसमधून, त्यांच्या माणसाबरोबर फिरावे लागते. भाच्याने रात्रीच तिकिटे काढली म्हणून बरे, नाहीतर एवढे अंतर जाऊन दारातून परत यावे लागले असते. माहिती देणाऱ्यांना तेथे 'रावी' म्हणतात. हदीसच्या रावींची नावे ऐकत वाढलेल्या आम्हा लोकांना हा शब्द लगेच जवळचा वाटला. आमची रावी अल-उलाचीच एक तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "माझी आजी आम्हाला इकडे फिरकूही देत नसे." अम्मींनी भाच्याकडून त्याचा अर्थ विचारून घेतला आणि मान हलवली.

मुलीचा प्रश्न

सपाट वाळूत मधेच एकेकटे उभे असलेले तांबडे डोंगर आणि त्यांच्या अंगावर कोरलेली प्रचंड दारे, असे ते दृश्य आहे. दारांवर स्तंभ, त्यावर पायऱ्यांची नक्षी, काही ठिकाणी पंख पसरलेला गरुड. अशी १११ मोठी कोरीव थडगी येथे मोजली आहेत, त्यांतली ९४ नक्षीदार. शिवाय शंभराहून जास्त विहिरी. २००८ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा ठरवले. सौदी अरेबियातले असे हे पहिले ठिकाण.

सगळ्यांत प्रसिद्ध कस्र अल-फरीद, म्हणजे एकटा महाल. एकाच सुट्या खडकात कोरलेले हे थडगे वरच्या भागात गुळगुळीत आणि रेखीव, खाली मात्र ओबडधोबड. काम अर्धवट राहिले आहे. त्यावरूनच कळते की कारागीर वरून खाली कोरत येत. आमची मुलगी म्हणाली, "वेरूळसारखंच!" बरोबर होते. वेरूळचे कैलास लेणेही वरून खालीच कोरलेले. ते आठव्या शतकातले, बेसाल्टमधले. हे त्याच्या सातशे वर्षे आधीचे, वाळूच्या दगडातले.

रावी सांगत होती की ही थडगी नबाती लोकांची, बहुतेक इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. हे नबाती म्हणजे जॉर्डनमधील पेट्रा बांधणारे, ऊद आणि मसाल्यांच्या काफिल्यांवर श्रीमंत झालेले अरब. इ.स. १०६ मध्ये त्यांचे राज्य रोमनांनी घेतले. कित्येक थडग्यांच्या दारावर लेख आहेत. त्यांत मालकाचे नाव, राजाच्या कारकिर्दीचे वर्ष, कोणाला येथे पुरावे, आणि थडगे विकणाऱ्याला किंवा परक्याला पुरणाऱ्याला किती दंड, हे सगळे लिहिलेले. काही थडग्यांच्या मालकीण बायका आहेत.

तेव्हा मुलीने विचारले, "दादी म्हणतात ही समूदची घरं. ताई म्हणते नबाती लोकांच्या कबरी. खरं कोणाचं?"

बसमध्ये आजूबाजूला लोक होते, समोर अम्मी होत्या. शाळेत विद्यार्थ्याने असा प्रश्न विचारला तर आम्ही फळ्याकडे वळून दोन क्षण घेतो. येथे फळा नव्हता.

आम्ही जे सांगितले ते असे. ज्या दारांवर तारखा कोरल्या आहेत ती नबाती लोकांची, यात शंका घेण्याचे कारण नाही. ती थडगी आहेत, घरे नव्हेत. समूद त्यांच्या फार आधीचे. समूद नावाच्या अरबी टोळीचा उल्लेख असीरियाचा राजा दुसरा सारगॉन याच्या, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील लेखातही आहे. एकाच जागी एकामागून एक लोक राहतात, आधीच्यांच्या खुणांवर नंतरचे आपले काम करतात. कुरआन आपल्याला सन-सनावळी सांगत नाही. हुनर, दौलत, मजबूत भिंती असूनही माणूस उन्मत्त झाला तर त्याचे काय होते, ते सांगते. थडग्याची तारीख सांगणाऱ्या मुलीला खोटे ठरवण्याची आपल्या ईमानाला गरज नाही. आणि "हेच ते समूदचे घर" असे बोट दाखवून सांगण्याचीही नाही.

अम्मी खिडकीबाहेर पाहत होत्या. आम्हाला वाटले त्या नाराज झाल्या. त्या म्हणाल्या, "घरं असोत की कबरी, राहणारे गेलेच ना? पोरीला समजलं ते पुरे."

कअबची आई

अम्मी बसमधून फार थोड्या वेळा उतरल्या. मुलाने मोबाइल दादींच्या पिशवीत ठेवला होता. एकदा एका मोठ्या गटाने गाणी लावली आणि फोटोसाठी उड्या मारायला सुरुवात केली, तेव्हा त्याने तिकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि काही न बोलता दादींच्या शेजारी जाऊन बसला. हेवा वाटला असेल, वाटू दे. तेराव्या वर्षी एवढे पुष्कळ झाले.

आम्ही उर्दू शिकवतो, त्यामुळे आमचा जीव अडकला तो लेखांत. आपली अरबी लिपी, आणि तिच्यातून आलेली उर्दूची, बहुतेक अभ्यासकांच्या मते नबाती लिपीतूनच घडत आली आहे. अल-हिज्रमध्ये इ.स. २६७ चा एक लेख सापडला आहे. त्यात कअब बिन हारिसा नावाच्या माणसाने आपली आई रकूश हिच्यासाठी कबर केल्याचे म्हटले आहे. ती अल-हिज्रमध्ये वारली, हेही त्यात आहे. अक्षरे नबाती, भाषा मात्र बरीचशी अरबी.

आणि याच वाटेवर, अल-हिज्रच्या दक्षिणेला खडकावर एक साधा लेख आहे. जुहैर नावाच्या माणसाने हिजरी २४ साली, हजरत उमर (रजि.) यांच्या वफातीची नोंद करून तो कोरला. तारीख असलेल्या सर्वांत जुन्या इस्लामी लेखांत त्याची गणना होते, आणि त्यातल्या काही अक्षरांवर नुक्तेही आहेत. पहिलीच्या मुलांना बे आणि ते यांचे नुक्ते शिकवताना यापुढे आम्हाला जुहैर आठवणार.

दुपारी अल-उला शहरात आलो, जुहर आणि अस्र पढलो आणि मदीन्याहून आणलेली रोटी-भाजी खाल्ली. इब्न बतूताही १३२६ मध्ये दमिश्कच्या हज काफिल्याबरोबर याच वाटेने मदीन्याला गेला होता. त्याने लिहून ठेवले आहे की तहान कितीही असली तरी यात्रेकरू अल-हिज्रच्या विहिरींचे पाणी पीत नसत, आणि मग अल-उलाला मुक्काम करून पाणी भरून घेत. हाच इब्न बतूता पुढे आपल्या दौलताबादलाही आला. अम्मींना हे सांगितले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "मग माझी अट काही नवी नव्हती."

जाणार असाल तर

आधी आपल्या मनातला इरादा तपासा आणि ज्या आलिमांवर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे मन मोडून जाऊ नका. त्यांच्या अटी ऐकल्या तर सफर उलट सोपा होतो. तिकीट आधी काढा, व्हिसाचे नियम निघण्यापूर्वी पाहून घ्या. हिवाळा बरा, उन्हाळ्यात वृद्धांना नेऊ नका. जाऊन-येऊन सात-आठ तास गाडीत जातात, म्हणून चालवणारा माणूस रात्री नीट झोपलेला हवा. परतीच्या वाटेवर अंधारात उंट रस्त्यावर येतात, तेव्हा वेग आवरा. मुलांना निघण्याआधी सूरह अल-हिज्र आणि सूरह अश-शम्सचा अर्थ वाचून दाखवा, म्हणजे तेथे गेल्यावर नुसते दगड दिसणार नाहीत.

आम्ही इशाची जमाअत गाठू शकलो नाही, थोडक्यात चुकली. मस्जिदे नबवीच्या अंगणात मागे बसून नमाज अदा केली. मुलाने दादींकडे मोबाइल मागितला. दादींनी दिला. त्याने मिनारांचा एक फोटो काढला आणि परत पिशवीत ठेवला.