‘वाचणे’ आणि ‘रीडिंग’: जेरंडची ओळख

‘नो पार्किंग’ ही पाटी घ्या. ‘पार्किंग’ क्रियापदापासून बनले, पण काम करते नामाचे. यालाच जेरंड म्हणतात. आपल्याकडे त्याचे भावंड म्हणजे धातुसाधित नाम: वाचणे, पोहणे.

मुलांचा गोंधळ होतो तो इथेच. मराठीत ‘वाचणे’ एकच. इंग्रजीत मात्र ‘टु रीड’ आणि ‘रीडिंग’ अशी दोन रूपे. ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’ यांच्यापुढे जेरंडच हवे: ‘आय एन्जॉय रीडिंग’. ‘वॉन्ट’, ‘डिसाइड’ यांच्यापुढे ‘टु रीड’. ‘लुक फॉरवर्ड टु’मधला ‘टु’ शब्दयोगी अव्ययासारखा असतो, म्हणून तिथे ‘मीटिंग यू’ बरोबर, ‘मीट यू’ चूक.

कधी रूप बदलले की अर्थही बदलतो. ‘ही स्टॉप्ड टु ड्रिंक टी’ म्हणजे तो चहा प्यायला थांबला. ‘ही स्टॉप्ड ड्रिंकिंग टी’ म्हणजे त्याने चहा सोडला.

म्हणून इंग्रजी क्रियापद एकटे पाठ करू नका; त्याच्यापुढे येणारे रूपही सोबत पाठ करा.